थर्मासातले कोमट पाणी

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्या आणि फुटक्या बरण्या यांच्या संगतीत एक थर्मास पडलेला दिसला, तर तो मीच. माझ्या पत्र्याच्या अंगावर कधीकाळी लाल गुलाब रंगवलेले होते. आता त्यातला एक देठ तेवढा उरला आहे. वरचा पेला कोणीतरी चहा प्यायला नेला, तो परत आणलाच नाही. पण मी रडगाणे गायला बसलेलो नाही. मला तुम्हाला काही पांढऱ्या उंदरांविषयी सांगायचे आहे. ते सांगायचे तर आधी थोडे माझ्याविषयी बोलावे लागेल.

माझ्या पोटात काचेची दुहेरी बाटली आहे. दोन काचांमधली हवा काढून टाकलेली आणि काचेला चांदीसारखा चकचकीत मुलामा दिलेला. त्यामुळे माझ्यात गरम घातले तर गरम राहते आणि गार घातले तर गार राहते. लोकांना याचे मोठे कौतुक वाटते. मलाही फार दिवस वाटत होते. दुकानाच्या फळीवर शेजारच्या पितळी तांब्यापुढे मी चांगलाच तोरा मिरवत असे. पुढे मला कळले की या गुणात शहाणपणाचा भाग काही नाही. मला जे दिले जाते ते मी धरून ठेवतो, एवढेच. दिलेले बरोबर आहे की चूक, हे विचारायची सोय कारागिराने माझ्यात केलेली नाही.

बाहत्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास शकुबाई गांगुर्डे यांनी मला नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या एका दुकानातून विकत घेतले. त्यांचे यजमान रेल्वेच्या रुळांवर काम करत. दुपारी त्यांना गरम आमटी मिळावी म्हणून शकुबाईंनी मुद्दाम रुंद तोंडाचा थर्मास निवडला होता. मी चार-पाच वर्षे इमानाने आमटी वाहिली. शकुबाई मला राखेने कधी घासत नसत, कोमट पाण्याने विसळून उन्हात पालथा ठेवत. कॉलनीतल्या बायका मला मागायला आल्या तर त्या सरळ सांगत, "थर्मास नाही मिळायचा. कुकर न्या वाटलं तर."

त्यांचा मुलगा जयराम हा त्या कॉलनीतला पहिला एम.एस्सी. वडील निवृत्त झाले आणि माझे आमटीचे दिवस संपले, तेव्हा तो मला त्याच्या प्रयोगशाळेत घेऊन गेला. तिथे तो कॉलेजच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेत असे आणि उरलेल्या वेळात डॉक्टरेटसाठी संशोधन करत असे. नोकरी तात्पुरती होती. दर वर्षी जूनमध्ये पुन्हा घेतील की नाही, या काळजीने शकुबाई मे महिनाभर घुश्श्यात असत.

जयरामचे संशोधन बुरशीवर होते. नाक मुरडू नका. ही बुरशी तुमच्या-आमच्या तोंडात आणि आतड्यात बहुधा गुपचूप राहते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर कधी कधी पांढरा थर येतो, तो तिचाच. धडधाकट माणसाला ती सहसा त्रास देत नाही. पण एखाद्या अशक्त रोग्याच्या रक्तात शिरली तर त्याच्या जिवावर बेतते. या बुरशीची दोन रूपे असतात. गारव्यात ती गोल गोल पेशींची असते. तिला सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पाण्यासारख्या भागात ठेवले आणि अंगाइतकी ऊब दिली, तर दोन-तीन तासांत त्या गोल पेशींना कोंब फुटतात आणि त्यांचे लांब धागे होतात. शरीरात शिरताना ती गोल असली तर जास्त घातक, की धाग्याच्या रूपात असली तर जास्त घातक? कोणी एक म्हणे, कोणी दुसरे. जयरामला हे उंदरांवर तपासून पाहायचे होते.

उंदीर मात्र प्रयोगशाळेत नव्हते. त्यांच्या वासाची तक्रार झाल्यामुळे त्यांना गोदावरीपलीकडे पंचवटीत एका पत्र्याच्या शेडमध्ये हलवले होते. त्यामुळे बुरशी भरलेल्या काचेच्या नळ्या नदीपलीकडे न्याव्या लागत, आणि वाटेत तिने रूप बदलू नये म्हणून त्या बर्फात ठेवाव्या लागत. त्यासाठी मी होतो. जयराम मला सायकलच्या हँडलला अडकवायचा आणि पुलावरून जाताना एका हाताने मला धरून ठेवायचा. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटे. आमटीवरून मी शास्त्रावर गेलो होतो.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात शेडवर नवसाबाई कामाला आल्या. त्या विंचूरकडच्या. उंदरांना दाणापाणी घालायचे, पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, चुलीवर पाणी तापवून बाटल्या धुवायच्या, हे त्यांचे काम. आठवडाभरात त्यांनी शेडला घर करून टाकले. एखादा उंदीर खाईनासा झाला की त्या त्याच्यापुढे भाकरीचा कोर धरून त्याची मनधरणी करत. जयराम त्यांना मावशी म्हणे आणि त्या त्याला सर म्हणत, पण रागवायच्या मात्र पोटच्या पोरावर रागवावे तशा.

त्या जानेवारीत प्रयोगाचा दिवस ठरला आणि नेमके त्याच सकाळी जयरामला कॉलेजात परीक्षेचे काम निघाले. त्याने सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सीरम दोन्ही नळ्यांत होते; एका नळीतली बुरशी गोल होती, दुसरीतली धाग्याची. दोन्ही नळ्या त्याने माझ्यात ठेवल्या, भोवती बर्फ भरला आणि नवसाबाईंना बोलावून मला त्यांच्या हाती दिले.

"शेडवर न्या, मावशी. मी परीक्षा आटोपून येतो."

"काय हाय यात?" नवसाबाईंनी विचारले.

जयराम घाईत होता. पण हुशार माणसाला घाईतही छान उत्तर सुचते, हेच तर वाईट. तो म्हणाला, "विरजणासारखं असतं बघा. जिवंत असतं. जपून न्या."

मित्रांनो, हे उत्तर खोटे नव्हते. म्हणूनच ते अंगाशी आले.

त्या दिवशी नाशिकला थंडी मी म्हणत होती. नवसाबाई मला पदराखाली धरून चालत गेल्या. शेडवर पोहोचल्यावर त्यांनी माझे बूच काढले आणि आत पाहून कपाळाला हात लावला.

"इवढ्या थंडीत बर्फ? सराचं ध्यान कुठं राह्यतं काय म्हाईत," त्या स्वतःशी म्हणाल्या. "विरजण गारठून जाईल की."

आता त्यांचे काय चुकले, सांगा. त्यांच्या गावी हिवाळ्यात दही लागत नाही. विरजण लावलेले भांडे गोधडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवावे लागते. सासरी आल्यापासून त्यांनी दर हिवाळ्यात हेच केले होते. जिवंत आहे, जपून न्या, असे सरांनी बजावले होते. त्यांनी बर्फ मोरीत ओतला, चुलीवरचे पाणी बोट बुडवून पाहत कोमट केले, ते माझ्यात भरले, नळ्या पुन्हा आत सोडल्या आणि बूच घट्ट लावले.

मग मी माझे काम केले. ते पाणी मी जराही निवू दिले नाही. दुपार होईपर्यंत ऊब तशीच धरून ठेवली. माझ्या पोटात एका नळीतल्या गोल पेशींना हळूहळू कोंब फुटत होते, आणि मी आपला मनात म्हणत होतो की आपण किती चांगले थर्मास आहोत. हे आठवले की आजही मला माझ्या चांगुलपणाची लाज वाटते.

जयराम यायच्या आधी नवसाबाईंनी नळ्या पुसून लाकडी स्टँडवर नीट मांडून ठेवल्या. तो धावतपळत आला.

"आणलं ना नीट?"

"जिवापाड जपलं," नवसाबाई म्हणाल्या.

सुई टोचण्याआधी एक थेंब काचेवर घेऊन पुन्हा पाहायला हवा होता. सूक्ष्मदर्शक तिकडे प्रयोगशाळेत होता आणि जयरामने सकाळीच पाहिलेले होते. त्याने पाहिले नाही. एका पिंजऱ्यातल्या उंदरांना त्याने गोल म्हणून एक नळी टोचली, दुसऱ्या पिंजऱ्याला धागे म्हणून दुसरी. खरे तर आता दोन्ही नळ्यांत धागेच होते.

दोन्ही पिंजऱ्यांतले उंदीर आजारी पडले. त्यांच्या अंगावरचे केस पिंजारले, ते कोपऱ्यात अंग चोरून बसू लागले. नवसाबाई त्यांच्यासाठी पाण्यात गूळ कालवू का म्हणून विचारत होत्या, जयराम नको म्हणत होता. आठवडा सरता सरता दोन्ही पिंजरे रिकामे झाले. नवसाबाई रडल्या, पण त्यांना वाटले की हे असेच व्हायचे असते.

जयराम मात्र हरखून गेला. दोन्ही रूपे सारखीच घातक, हा निष्कर्ष त्याच्या मार्गदर्शकांना, सोनवणे सरांना, फार आवडला. जयरामने पुण्याच्या परिषदेत निबंध वाचायचा, असे त्यांनी ठरवून टाकले. शिवाय कॉलेजात कायम जागा निघणार होती, आणि पुण्यात निबंध वाचलेल्या उमेदवाराला ती मिळाल्यातच जमा होती. शकुबाईंनी त्याला कोट शिवायला टाकला आणि सगळ्या कॉलनीला ही बातमी सांगून टाकली. ज्यांना त्याचा प्रयोग कशाचा हेही ठाऊक नव्हते, तेही जयरामला अडवून विचारू लागले, "काय, पुण्याला कधी?"

तो पेढे घेऊन शेडवर आला. मी त्याच्या सायकलला लटकत होतो. नवसाबाईंनी पेढा घेतला आणि हसून म्हणाल्या, "माझं बी थोडं हाय त्यात, सर. तुम्ही बर्फात घालून दिलं व्हतं. मी कोमट पाण्यात ठिवलं, म्हणून तुमचं विरजण जगलं."

जयरामच्या हातात पेढा तसाच राहिला. परत जाताना पुलावर तो सायकल हातात धरून चालत गेला.

पुढचे काही दिवस त्याने मूग गिळून काढले. मी टेबलावर होतो, सगळे पाहत होतो. तो निबंध काढून बसे आणि तसाच मिटून ठेवी. मला त्याचा राग आला नाही. गप्प बसण्यात किती सोय असते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? उंदीर मेले होते, नळ्या धुऊन झाल्या होत्या. कोमट पाण्याची गोष्ट तीन जणांना माहीत होती. त्यांतल्या एकीला तिचा अर्थ कळला नव्हता आणि एकाला तोंड असून बोलता येत नव्हते.

एके दुपारी नवसाबाईंनी त्याला अडवले. "सर, त्या दिवशी पेढा खाल्ला नाय तुम्ही. माझं काय चुकलं का?"

जयरामने तोंड फिरवले. मग कोमट पाण्याने काय झाले ते त्याने एकदाचे सांगितले. नवसाबाई पिंजऱ्याला हात टेकून उभ्या राहिल्या.

"बर्फात ठिवलं असतं तर जगले असते ते?"

"काही जगले असते," जयराम म्हणाला.

"म्हंजे माझ्या हातनं मेले."

"तुमच्या नाही, मावशी. चूक माझी. मी विरजण म्हणालो."

"हात माझाच व्हता ना." त्यांनी हात पदराला पुसले. "तुमच्या त्या पुण्याच्या कागदात काय लिवलंय मग? खरं का खोटं?"

जयराम रिकाम्या पिंजऱ्याची कडी लावू लागला.

"कशापायी मेले ते कळावं म्हणून तर मारले ना त्यांना? मग खोटंच लिवायचं व्हतं तर तुम्ही तसंच लिवायचं, सर. उंदीर कशाला मारायचे?"

जयराम तिथून तडक सोनवणे सरांकडे गेला. मी त्याच्या पिशवीत होतो. त्याने सगळे सांगितले. सर भडकले. त्या बाईला आजच्या आज काढा, असे म्हणाले.

"त्यांना काढायचं असेल तर आधी मला काढा," जयराम म्हणाला. "मी त्यांना विरजण म्हणून सांगितलं. आणि टोचण्याआधी मी पाहिलं नाही."

"बुरशीला विरजण म्हणणारा संशोधक मी पहिल्यांदाच पाहतोय," सर म्हणाले. थोड्या वेळाने त्यांचा आवाज उतरला. "पुण्याचं काय करायचं?"

"कळवून टाका, सर. निबंध नाही."

जागा त्या वर्षी दुसऱ्याला गेली. कोट शिवून आला तो शकुबाईंनी पेटीत ठेवला. त्या जयरामला काही बोलल्या नाहीत, पण कॉलनीच्या नळावर त्यांनी जाणे बरेच दिवस टाळले. जयरामला याचे जास्त लागले.

पावसाळ्यानंतर प्रयोग पुन्हा करायचा ठरला. या वेळी जयरामने नवसाबाईंना प्रयोगशाळेत बोलावले आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसवले. आधी गोल पेशी दाखवल्या, मग ऊब दिलेल्या.

"मोड आलेत की याला," नवसाबाई म्हणाल्या. "मटकीवानी."

"अगदी तसेच. म्हणून बर्फ."

त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यात बर्फ भरला. बोटे बधिर झाली तरी कडेची फट बुजवत राहिल्या. पूल ओलांडताना माझे बूच तीनदा चाचपले. मीही जीव एकवटून तो गारवा धरून ठेवला. शेडवर या वेळी सूक्ष्मदर्शक नेऊन ठेवला होता. जयरामने थेंब पाहिला. पेशी गोलच होत्या. आम्हा तिघांचा जीव भांड्यात पडला.

धाग्यांच्या पिंजऱ्यातले उंदीर पुन्हा मेले. गोल पेशींच्या पिंजऱ्यातले काही सुकत गेले, पण बाकीचे टुणटुणीत राहिले. त्याचा अर्थ काय लावायचा, यावर सोनवणे सर आणि जयराम पुढे वर्षभर वाद घालत होते, आणि जगातले विद्वानही घालत होते. पण नवसाबाईंच्या दृष्टीने अर्थ सरळ होता. त्या रोज पिंजऱ्याशी उभ्या राहून म्हणत, "हे वाचले माझे." मागच्या पापाची थोडी फेड झाली, असे त्यांना वाटत होते. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत असे. एका उंदराच्या कानाला चीर होती, तो त्यांचा हात हुंगायला जाळीशी येई.

प्रयोगाची मुदत संपली तेव्हा जयराम पेटी घेऊन आला.

"यांना कुठं न्यायचं?" नवसाबाईंनी विचारले.

जयरामने पेटी खाली ठेवली. "मावशी, यांची आतली मूत्रपिंडं कापून पाहावी लागतात, बुरशी तिथं वाढलीय का ते. जे आजारी पडले नाहीत, त्यांचीसुद्धा."

नवसाबाईंना कळायला थोडा वेळ लागला.

"म्हंजे वाचलेले बी मारायचे?"

"हो. या पेटीतच, औषधाच्या वाफेनं."

"आणि मागच्या वेळी बी तसंच व्हतं? बर्फात आणलं असतं तरी?"

"तरीही," जयराम म्हणाला. "मी तेव्हा अर्धंच सांगितलं."

मी तिथे फळीवर होतो, रिकामा. गेले सगळे महिने मी माझ्या कोमट पाण्यावर खापर फोडत होतो. या वेळी कोणाचीही चूक झाली नव्हती. बर्फ होता, थेंब पाहिला होता, सगळे काटेकोर होते. तरीही शेवटी पेटी आलीच होती.

नवसाबाईंनी चीर असलेल्या कानाचा उंदीर ओंजळीत घेतला, भाकरीचा तुकडा खाऊ घातला आणि स्वतःच पेटीत सोडला. बाकीच्यांनाही त्यांनी तसेच खाऊ घालून सोडले. एकही जयरामच्या हातात दिला नाही. मग हात धुऊन त्या म्हणाल्या, "सर, तुमचं काम खोटं नाय. दवाखान्यातल्या माणसापायी हे, समजलं मला. पण हे काम मी नाय करायची. मला बाटल्या धुवायला द्या."

जयरामने त्यांना प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचे काम मिळवून दिले. शेडवर नवा माणूस नेमायचा का, असे सरांनी विचारले, तेव्हा तो नको म्हणाला. त्यानंतर प्रबंध पूर्ण होईपर्यंत तो रोज सकाळी कॉलेजच्या आधी पंचवटीत जाऊन स्वतः उंदरांना दाणापाणी घालत असे. पेटीत सोडायची वेळ आली की तोच सोडत असे. पुढच्या प्रयोगांत लागतील तेवढेच उंदीर मागवायचे, एकही जास्त नाही, हा त्याचा हट्ट त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. पंच्याऐंशी साली तो डॉक्टर झाला. कायम जागा त्याला मिळाली, पण ती मालेगावला. माझी जागा थर्माकोलच्या खोक्याने घेतली आणि मी मागच्या खोलीत आलो.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे एवढेच मागतो की आम्हाला घासूनपुसून ठेवा, आपटू नका, फेकून देऊ नका. मला तेवढेही मागायचे तोंड नाही. माझे मागणे वेगळे आहे. तुम्ही मोठे झालात आणि एखादे काम दुसऱ्याच्या हाती दिलेत, तर ते काय आहे, कशासाठी आहे आणि त्यात कोणाचा जीव जाणार आहे, हे त्याला आधी सांगा. सगळे सांगा, सोयीचे तेवढेच नको. आणि सांगून झाल्यावर तो नाही म्हणाला, तर तेही ऐकून घ्या. उंदरांना नाही म्हणता येत नव्हते. नवसाबाईंना येत होते, पण त्यांना आधी कोणी विचारलेच नव्हते.